चाकावरची कुंकवाची रेघ

बडोदे, समा
दसरा, दुपार

अहो,

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. लग्नाआधी लिहायची रीत नव्हती आणि लग्नानंतर तुम्ही कधी लांब गेलाच नाहीत. सकाळी समाहून मकरपुऱ्याला कंपनीच्या बसने, संध्याकाळी त्याच बसने परत. पत्र लिहायचं कुणाला? माघात गेलात, त्यालाही आठ महिने झाले. रोज फोटोपुढे दिवा लावताना तुमच्याशी दोन वाक्यं बोलत होते, तेवढं पुरत होतं.

आज पुरत नाही. फोटोत तुम्ही हसताय, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. म्हणून हिशेबाच्या चोपडीची मधली पानं काढून लिहायला बसले आहे. हो, मधली पानं! इतक्या वर्षांत कधी काढली नव्हती. एवढ्यावरून ओळखा काय झालंय ते.

काल खंडेनवमीला मी तुमच्या बँडसॉचं, त्या लाकूड कापायच्या मशीनचं, वरचं दार उघडलं.

दचकलात ना?

वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून यंदा दाराला तोरण नाही, गोडधोड नाही. पण हत्यारांना कसलं आलंय सुतक? शिलाई मशीन, विळी, अडकित्ता, तुमचे रंधे, हातकरवती, सगळं पाटावर मांडलं. स्कूटरला झेंडूचा हार घातला. मग मागच्या पडवीत गेले. आज दसऱ्याला ते मशीन आपल्या गल्लीतले जशुभाई विकत नेणार होते. घरातून जाण्याआधी एकदा त्याची रीतसर पूजा करावी असं मनात आलं. गेले दोन दसरे तुम्ही मला चाकाला हात लावू दिला नव्हता. "चाकाला नको गं, कुंकू तेलात जाईल, दाराला लाव," म्हणायचात. वर दाराला इवलंसं कुलूप. कशाला, तर नातवंडं हात घालतील! नातवंडं पुण्याला. वर्षातून एकदा दिवाळीत येतात, तेही मोबाईलमधून मान वर करत नाहीत.

किल्ली तुमच्या चष्म्याच्या डबीत सापडली. दार उघडलं. आत ते वरचं बिडाचं चाक, पुरणाच्या परातीएवढं. मी कुंकू ओलं करून नेलं होतं, बोट भरून मधोमध लावलं, मग काठालाही लावलं. जरा जास्तच झालं, ओघळ आला. पदराने कशाला, म्हणून फडक्याने पुसलं. सगळं पुसलं गेलं. एक रेघ राहिली.

काठापासून आत, आऱ्यापर्यंत. केसाएवढी बारीक, लालभडक. पुन्हा पुसली. जाईना. नखाने खरवडायला गेले तर नख अडकलं.

ती भेग होती. वरून रंग दिलेली, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना कधी दिसली नसती. कुंकू आत उतरलं आणि तिने तोंड उघडलं.

तरी मला वाटलं, आत्ता गेली असेल, आठ महिने बंद आहे ना मशीन. मग दाराच्या आतल्या बाजूला तुमचं पेन्सिलीचं अक्षर दिसलं. तुम्हाला जिथेतिथे पेन्सिलीने लिहायची सवय, गव्हाच्या पिंपाच्या झाकणालाही सोडलं नाहीत! तिथे लिहिलं होतं: "पाडवा. वहिनींकडे पाहिलं. भेग दोन बोटं." त्याखाली, "अक्षय्य तृतीया. भेग पुढे जाऊ नये म्हणून टोकाला भोक पाडून मेण भरलं." मग "श्रावण, तेवढीच." सगळ्यात खाली, "पौष, तीन बोटं."

मी मॅट्रिक पास आहे. एवढं वाचता येतं मला. पाडव्याला कुसुमताईंकडे, तुमच्या त्या वहिनींकडे पाहिलंत, आणि ते मशीन घरी आलं पाडव्यानंतरच्या गुरुवारी. म्हणजे घ्यायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं.

मग आपण चार महिने स्कूटरवरून हिंडलो ते कशासाठी हो?

आठवतं ना सगळं? निवृत्त झालात तेव्हा तुम्हीच म्हणालात, "सुमन, तुझे देव किती दिवस फ्रीजवरच्या फळीवर बसणार? सागाचं देवघर करतो. वर कमळाची महिरप." आणि महिरपीची वळणं कापायला बँडसॉ हवा. मला तेव्हा तो काय असतो हे माहीत नव्हतं. तुम्ही समजावलंत, एक चाक वर, एक खाली, दोन्हींवरून दात्यांची पट्टी फिरते, शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखी, आणि लाकूड हवं तसं वळवून कापता येतं. नवं मशीन आपल्या आवाक्याबाहेरचं. जुनं घ्यायचं तरी माझ्या भिशीचे पैसे लागणार. ते मी नर्मदा परिक्रमेसाठी धरून ठेवले होते, भजनी मंडळाच्या बसमध्ये माझं नावही लागलं होतं. मी नाव काढून घेतलं. म्हटलं, मैया कुठे पळून जात नाही, आधी देव नीट बसू देत. तुम्ही नुसते माझ्याकडे बघत राहिलात. त्या बघण्यावर मी किती महिने खूश होते!

आणि मग दर रविवारी आपली फेरी. तुम्ही पुढे, मी मागे, माझ्या पर्समध्ये टॉर्च आणि ते जुनं जाड पाच रुपयांचं नाणं. मशीन चालू करायचं, टेबलावर नाणं कडेवर उभं करायचं. राहिलं तर मशीन थरथरत नाही. पडलं तर निघायचं. किती साधी परीक्षा! मला ती फार आवडली होती. माणसं खोटं बोलतील, नाणं कसं बोलेल?

मकरपुऱ्याचा तो पहिला भंगारवाला आठवतो? "काकी, एकदम माखण जेवुं चाले छे!" असं म्हणत त्याने बटण दाबलं, आणि नाणं टेबलावरून उडून थेट त्याच्या चहात. मी म्हटलं, "भाई, माखण नाही, अजून घुसळणंच चाललंय." तुम्ही इतके हसलात की टॉर्च हातातून पडला. दुसऱ्या एकाकडे तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून आतला आवाज ऐकलात आणि डॉक्टरासारखं तोंड करून म्हणालात, "दमा आहे." तिसरा वैतागून म्हणाला, "काका, मशीन बघताय की सून?" तुम्ही लगेच, "बायको एका भेटीत पसंत केली होती, मशीनला वेळ लागतो." आणि प्रत्येक ठिकाणी निघताना, "थांबा हं, आमच्या दिवाणसाहेबांना विचारतो." मी पदर सावरून नाही म्हणायचं, मग आपण कोपऱ्यावर एक चहा दोघांत घ्यायचा. बडोद्याच्या दिवाणांनी राज्य चालवलं नसेल इतक्या ऐटीत मी मान हलवायची!

म्हणजे ते सगळं तुमच्यासाठी खेळ होता का? मी खरंच समजत होते की आपण दोघं मिळून बघतोय.

मग कुसुमताईंचा, गजाननरावांच्या बायकोचा, निरोप आला. तुमच्या कंपनीच्या पॅटर्न शॉपमधल्या गजाननरावांनी घरी बँडसॉ ठेवला होता. ते गेले, त्यांच्या आजारपणात घर धुऊन निघालं, मशीन विकायचं होतं. पाडव्याला आपण गेलो. तुम्ही अंगणातल्या शेडमध्ये, मी स्वयंपाकघरात चहा पीत, कुसुमताई आतबाहेर करत. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, आणि तुम्ही नाणं दोन बोटांत धरून दारात उभे. "सुमन, उभं राहिलं! अगदी समईसारखं!"

मी सौदा केला. हो, केला. चार महिन्यांत शिकले होते. विधवा बाईसमोर बसून भाव पाडला आणि वर म्हटलं, "गजाननरावांच्या पटाश्याही त्यातच द्या. तुम्हाला आता त्यांचा काय उपयोग?" त्या उठल्या आणि फडक्यात गुंडाळलेल्या सहा पटाश्या आणून माझ्या हातात दिल्या. तुम्ही खाली बघत होता. मला वाटलं, तुम्हाला माझा अभिमान वाटतोय.

दोन दिवसांनी म्हणालात, पटाश्या गंजलेल्या निघाल्या, भंगारात दिल्या. मी हळहळले, पण विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आणि ते नाणं मी धुऊन, पुसून, दत्ताच्या पादुकांशेजारी ठेवलं. चार महिने आपल्याशी खरं बोललं होतं ना ते! गेली अडीच वर्षं मी त्याला रोज फूल वाहते आहे. खोटी साक्ष दिलेल्या नाण्याला! तुम्ही रोज सकाळी ती पूजा बघत होता. हात जोडत होता. एकदाही जीभ वळवळली नाही?

भांडायला तुम्ही नाहीत, म्हणून काल दुपारीच मी कुसुमताईंकडे गेले. बसने. सयाजीगंजला बस बदलली, गरब्याच्या चणिया-चोळ्यांच्या पिशव्या घेऊन पोरींची ही गर्दी. उभ्याने प्रवास केला आणि उभ्याने मनातल्या मनात पाठ केलं, काय काय सुनवायचं ते. "फसवलंत आम्हाला," यापासून सुरुवात करणार होते.

दार उघडताच समोरच्या भिंतीवर पटाश्या. सहाच्या सहा, तेल लावून चकचकीत, प्रत्येकीवर झेंडूचं एक फूल.

"या ना वहिनी! नवमीला पाय लागले तुमचे. बसा, चहा टाकते."

मी बसलेच नाही. "या इथे कशा?"

"पटाश्या? अहो, भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी आणून दिल्या की. तुम्हीच पाठवल्यात ना? सुमन म्हणाली, गजाननरावांच्या हातची हत्यारं घरातच राहू देत, असं म्हणाले. मी रडले हो त्या दिवशी. आदल्या दिवशी तुमच्याबद्दल नको ते मनात आलं होतं माझ्या."

पाठ केलेलं सगळं गेलं. बसले. चहा आला. मग विचारलंच, "कुसुमताई, चाकाला भेग होती, ठाऊक होतं तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "होतं की. ह्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं, विकशील तेव्हा भेग दाखवून वीक. मी भाऊजींना दाखवली. तुम्ही आत होता, लाडू बघत होता डब्यातले. मी म्हटलं, वहिनींना बोलावते. तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"जाऊ दे ना."

"कुसुमताई, सांगा."

"म्हणाले, दिवाणसाहेबांना सांगू नका. सौदा मोडतील."

अहो, तुम्ही असं म्हणालात?

ज्या नावाने मला मिरवलंत, तेच नाव घेऊन परक्या बाईसमोर मला दगड ठरवलंत? मी सौदा मोडला असता? गजाननराव आपल्या लग्नात आले होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला पाट दिला होता, अजून आपण त्याच्यावर बसतो. त्यांची बायको अडचणीत आहे, मशीन तुटकं आहे, तरी घेऊ या, एवढं एक वाक्य तुम्ही माझ्याशी बोलला असतात तर मी नाही म्हटलं असतं? माझी परिक्रमाच गेली असती ना? ती तर तशीही गेली होती!

खरं सांगू? माहीत नाही, हो म्हटलं असतं की नाही. त्या बाईच्या पटाश्या मागून घेणारी मीच होते. कदाचित पहिल्यांदा नाहीच म्हटलं असतं. आदळआपट केली असती. मग दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना म्हटलं असतं, "आणा ते मशीन." तुम्हाला एवढंही माझं ओळखता आलं नाही? एक रात्र थांबायचं होतं. मला बदलायला एक रात्र द्यायला नको होती?

तुम्ही माझी वाटच पाहिली नाहीत. ते सलतंय.

आणि मग तुम्ही काय केलंत? देवघराचं सगळं हाताने कापलंत. खांब, चौकट, पायऱ्या. आणि मी वर्षभर टोमणे मारत राहिले! भजनी मंडळाच्या सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं, "आमच्याकडे मशीन शोभेला आहे, ह्यांना त्याचीही पूजाच करायची असते." बायका हसल्या. तुम्हीही हसलात. महिरपीची फळी तशीच पडून होती, तुम्ही काढलेल्या कमळासकट. "लाकूड अजून सुकलं नाही गं." आणि कधी चुकून मशीन लावलंत, एखादी पातळ पट्टी कापायला, तर आधी मला घरात पाठवायचात. "भुसा उडतो, तुला खोकला येईल." मी जायचे आत. मला वाटायचं, किती काळजी! भुशाचं नव्हतं ते. चाक फुटलं तर मी जवळ नको होते, एवढंच. तुम्ही मात्र त्याच्यासमोर एकटे उभे राहत होता! काही झालं असतं तर? मला कुणी काय सांगितलं असतं?

हॉस्पिटलमध्ये दोन दिवस शुद्धीवर होता. बोलत होता. गॅस नोंदव, टाकी धुऊन घे, स्कूटरचा विमा संपतोय. सगळं सांगितलंत. "मशीनला हात लावू नकोस," हेही सांगितलंत. का लावू नको, ते नाही! तेव्हा तरी सांगायचं होतं हो. त्या खाटेवर मी काय सौदा मोडणार होते?

आता आजचं ऐका. जशुभाई ठरल्याप्रमाणे दहा वाजता आले. आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात ते निवृत्त मास्तर, तुम्हाला नुसते नमस्कारापुरते माहीत. शाळेतल्या मुलांसाठी लाकडी खेळणी करायची हौस आहे त्यांना. सोबत इलाबेन, हातात फाफडा-जिलेबीचा पुडा. टेम्पोसुद्धा सांगून ठेवला होता. परिक्रमेच्या बसवाल्या बायकांनी मला संध्याकाळपर्यंत नक्की सांगायला सांगितलं होतं. कार्तिकात बस निघणार आहे. हे मशीन गेलं की माझी जागा पक्की.

मी रेघ पुसून टाकू शकले असते. ओल्या फडक्याने जाईना, पण रॉकेलने गेली असती. रंगाचा डबा तुमच्याच कपाटात आहे.

मी म्हटलं, आधी बघून घ्या. "बेन, त्यात काय जोवानुं, काय बघायचं!" जशुभाई म्हणाले. "काकांनी वापरलेलं, तुमच्या हातून मिळतंय. मी नुसतं घेऊन जातो."

इलाबेन म्हणाल्या, "हे तर म्हणत होते, सुमनबेनच्या घरचं म्हणजे देवाच्या घरचं."

देवाच्या घरचं! मी आत गेले. पादुकांशेजारचं नाणं उचललं. अहो, क्षणभर तुमच्यासारखंच होतं की सगळं. विश्वासाने उभं असलेलं माणूस, गरज, आणि हातात नाणं. दारात उभं राहून "उभं राहिलं" एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं आहे हो ते! तुम्हाला किती सोपं गेलं असेल, ते तेव्हा कळलं. तुम्ही एका अडलेल्या बाईसाठी केलंत, मी बसच्या जागेसाठी केलं असतं. तुमचं जरा बरं होतं, एवढं कबूल करते. एवढंच.

बाहेर आले आणि म्हटलं, "जशुभाई, आधी हे वरचं दार उघडा."

त्यांनी पाहिलं. बोट फिरवलं. "आ शुं, बेन?"

"भेग. ह्यांना घेतानाच माहीत होती. मला कालपर्यंत नव्हती."

जशुभाईंनी नखाने ती रेघ पुन्हा एकदा चाचपली. मग जशुभाई म्हणाले, "तुम्ही नसतं सांगितलं तर मने खबर ज न पडत."

"म्हणूनच सांगितलं."

इलाबेननी फाफड्याचा पुडा ओट्यावर ठेवला, "टेम्पोवाल्याला नाही सांगून येते," म्हणाल्या आणि गेल्या. रागावल्या नाहीत. मला मात्र उगाच वाटलं की आता त्या घरचं माझ्याशी बोलणं तुटणार. तेवढ्यात जशुभाई पडवीभर बघत बघत कोपऱ्यात गेले, जिथे मी पापडांचे डबे ठेवते. डबे खाली काढले आणि त्यांच्याखालचं ते लाकडी चाक उचललं.

तुम्ही ते करत होता तेव्हा मी विचारलं होतं, हे कशाला? "असंच, हात चालू राहावा म्हणून," म्हणालात. आठ महिने मी त्याच्यावर पापड ठेवतेय.

"बेन," जशुभाईंनी ते लाकडी चाक मशीनच्या चाकासमोर धरलं. तेवढंच. किंचित मोठं. "काका काय काम करायचे कंपनीत?"

"पॅटर्न शॉपमध्ये होते. भट्टीत ओतायचं असेल त्याचा आधी लाकडी साचा करायचे, किंचित मोठा, ओतलेलं निवताना आकसतं म्हणून." आणि हे सांगता सांगता मला कळलं. जन्मभर तुम्ही जे केलंत, तेच घरी करत होता. नवं चाक ओतून घ्यायचं होतं तुम्हाला. म्हणून देवघर अडलं होतं! सहा आऱ्यांपैकी पाच बसवलेत. सहाव्याची जागा रिकामी आहे. त्या जागेवर पेन्सिलीने एक बारीक फुली.

मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसले. रडले नाही. राग इतका होता की रडू बाहेर यायला वाट सापडली नाही. दोन वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर खोटं दुरुस्त करत होता, आणि मी शेजारी बसून पापड वाळवत होते! एवढं निगुतीने चाक घडवता आलं, एक वाक्य घडवता आलं नाही?

जशुभाई म्हणाले, सहावा आरा ते बसवून बघतील, ओतकाम करणारा एक ओळखीचा आहे, नवं चाक बसलं की मशीन तेच घेतील, आज ठरलेल्या भावात. फक्त चांगल्या पटाश्या हव्यात. मी म्हटलं, पटाश्या कुठे आहेत ते मला माहीत आहे.

तेव्हा हे माझं वचन, नीट ऐका. उद्या मी पुन्हा कुसुमताईंकडे जाईन. पटाश्या उसन्या मागेन, आणि त्या मी पाठवल्या नव्हत्या हेही सांगेन. तुम्ही माझ्या नावावर टाकलेलं पुण्य मला नको. जशुभाई सहावा आरा बसवतील तेव्हा टॉर्च मी धरेन, मला ते काम येतं. नवं चाक आलं की आधी माझी महिरप कापली जाईल, मग मशीन जशुभाईंकडे जाईल. मंडळाला मी मघाशीच फोन करून यंदा नाही म्हणून कळवलं. मैयाला दुसऱ्यांदा थांबवलंय, ती तुमच्याइतकी घाईची नाही.

आणि नाणं देवांतून काढलं आहे. पर्समध्ये ठेवलंय, टॉर्चशेजारी, पूर्वीसारखं. नव्या चाकावर मशीन चालू होईल तेव्हा मी स्वतः ते टेबलावर उभं करेन. आत चहा पीत बसणार नाही, समोर उभी राहीन. खरंच उभं राहिलं तर धुऊन पादुकांशेजारी परत ठेवेन, आणि त्या दिवशी तुमच्या फोटोपुढे जरा जास्त वेळ थांबेन.

तोवर दिवा लावेन, बोलणार नाही.

तुमची
सुमन

(दिवाणसाहेब म्हणू नका. नाणं उभं राहीपर्यंत नाही.)